बदकाच्या पिल्लांचा ओला पसारा: पाणी तोडू नका, पाण्याची जागा बदला

ताई, तुमची अडचण मला समजली ती अशी: खाकी कॅम्पबेलची सात पिल्लं, वय नऊ-दहा दिवस, पडवीत पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवलेली. वर्तमानपत्र दिवसातून चार-पाच वेळा बदलता, तरी तासाभरात चिखल होतो. वास माजघरापर्यंत येतो आणि सासूबाई म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी. शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून आता पाण्याची ताटली दिवसातून तीनदाच ठेवता. आणि एका पिल्लाचा डोळा चिकटल्यासारखा दिसतो आहे.

यातलं पाणी तोडणं आजच थांबवा. बाकीचं सगळं दोन-चार दिवसांत सावकाश सुधारता येईल.

आपल्याकडे घरोघरी कोंबडीची पिल्लं वाढवलेली असतात, म्हणून सल्ला देणारा प्रत्येक जण कोंबडीच्या अनुभवावरून बोलतो. कोंबडीचं पिल्लू चोचीत थेंब घेतं, मान वर करतं आणि गिळतं. बदकाचं पिल्लू चोच पाण्यात खुपसतं, पाणी आत ओढतं आणि चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांमधून गाळून बाहेर सोडतं. खातानाही दोन घास झाले की ते पाण्याकडे धावतं, कारण कोरडा दाणा त्याच्या चोचीत लगदा होऊन बसतो. समोर दाणा आहे आणि पाणी नाही, अशा वेळी घास घशात अडकून पिल्लू गुदमरू शकतं. नाकपुड्यांत पीठ बसतं तेही धुवावं लागतं, आणि त्यासाठी निदान नाकपुड्या बुडतील इतकं खोल पाणी हवं. डोळ्यांचंही तेच. उथळ ताटलीत चोचीचं टोक तेवढं भिजतं, डोकं बुडवता येत नाही, मग डोळ्यांच्या कडेला चिकट पापुद्रा धरतो. तुमच्या त्या पिल्लाचं बहुधा हेच झालं आहे. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळा हलक्या हाताने पुसा आणि भांडं खोल करा. दोन दिवसांत फरक पडला नाही, डोळा सुजला किंवा नाकातून फेस दिसला, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

एवढा नियम घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: दाणा असेल तोवर पाणी असायलाच हवं. पाणी उचलायचं असेल तर आधी दाणा उचलायचा.

आता पसाऱ्याकडे. सगळे जण शिटेला दोष देतात. बदकाची शीट पातळ असते हे खरं, तिच्यात बराचसा भाग पाणीच असतो. पण उद्या सकाळी खोक्यात नीट पाहा. सगळ्यात जास्त चिखल कुठे आहे? भांड्याभोवती. तो मुख्यतः उडालेल्या पाण्याचा आणि त्यात पडलेल्या दाण्याचा आहे. वासही त्याचाच. भिजलेला दाणा उबेत काही तासांत आंबतो, त्यात शीट मिसळते आणि अमोनिया सुटतो. म्हणून दिवसभर कागद बदलत राहण्यात हात दुखतात, पण मूळ कारण तसंच राहतं. पिल्लांची झोपण्याची जागा आणि पाण्याची जागा वेगळी केली की चार भागांतलं तीन भाग काम संपतं. मी या एका गोष्टीवर अडून बसते, कारण बाकीचे सगळे उपाय हिच्यावर उभे आहेत.

पुठ्ठ्याचं खोकं आता टाकून द्या. सात पिल्लांना पुढचे तीन आठवडे पुरेल अशी, निदान चार फूट लांब आणि अडीच-तीन फूट रुंद जागा पडवीच्या कोपऱ्यात आखा. भोवती फळ्या किंवा पत्रा उभा करा, तळाला ताडपत्री अंथरा आणि तिच्या कडा वीतभर वर वळवा, म्हणजे ओल जमिनीत किंवा भिंतीत मुरत नाही. एका टोकाला बल्ब आणि अंथरूण, दुसऱ्या टोकाला पाणी.

पाण्याच्या टोकाला एक मोठं पसरट घमेलं किंवा प्लास्टिकचा उथळ टब ठेवा. त्याच्यावर लाकडी चौकट आणि चौकटीवर अर्ध्या इंचाची जाळी ताणून बसवा. प्लास्टिकचा लेप असलेली जाळी मिळाली तर उत्तम. साधी तारेची असेल तर कापलेली टोकं खाली वळवून ठोका, नाहीतर पायाच्या पडद्याला आणि तळव्याला जखमा होतात, आणि ओल्या जागेतली तळव्याची जखम लवकर पिकते. जाळीवर मधोमध पाण्याचं भांडं आणि त्याच्यापासून वीत-दीड वीत अंतरावर दाण्याचं. पिल्लांना चढायला एक फळी तिरकी लावा आणि तिच्यावर गोणपाट ठोका, म्हणजे पाय घसरत नाहीत. आता जे सांडेल, उडेल आणि पाणी पिता पिता जी शीट पडेल ते सगळं खालच्या घमेल्यात जाईल. पिल्लं पाण्याशीच सगळ्यात जास्त वेळ घालवतात, त्यामुळे शिटेचाही मोठा वाटा आपोआप तिथेच पडतो.

दाणा आणि पाणी लांब ठेवा, असाही एक सल्ला दिला जातो. मला तो पटत नाही. लांब ठेवलं तर पिल्लू चोचभर दाणा घेऊन पाण्यापर्यंत धावतं आणि वाटेवर सांडत जातं. दोन्ही जाळीवरच असली की सांडलेलं एकाच ठिकाणी गोळा होतं.

भांड्यासाठी विकत काही आणायची गरज नाही. खाद्यतेलाचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन साबणाने दोन-तीन वेळा धुवा, तेलाचा अंश राहता कामा नये. मग त्याच्या बाजूंना पिल्लांच्या छातीच्या उंचीवर गोल भोकं कापा. डोकं सहज आत जाईल आणि बाहेर येईल, पण अंग आत जाणार नाही, इतकीच. कापलेली कड मेणबत्तीवर किंचित तापवून गुळगुळीत करा. भोकांच्या खालपर्यंत पाणी भरा. पिल्लाला डोकं बुडवता येतं, डोळे धुता येतात, पण आत उतरून पोहता येत नाही. सगळा गोंधळ आत बसून अंघोळ करण्याने होतो, तो इथेच थांबतो. पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यामुळे दर आठवड्याला भोकं मोठी करावी लागतील किंवा नवा कॅन कापावा लागेल. एखादं डोकं अडकेल अशा बेताचं भोक कधीही ठेवू नका.

अंथरुणासाठी वर्तमानपत्र नको. ओलं झालं की ते निसरडं होतं, आणि या वयातल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकले तर ते चालायचं राहू शकतं. भाताचं तूस आपल्याकडे गिरणीवर मिळतं आणि तेच मला सर्वांत बरं वाटतं. दोन-तीन इंच जाड थर घाला. लाकडाचा अगदी बारीक भुसा घेऊ नका, पिल्लं तो खातात आणि त्याची धूळ नाकात जाते. जाडसर छिलके चालतील. अगदी एक-दोन दिवसांची पिल्लं तूसही टोचून खातात, त्यांच्यासाठी वर गोणपाट अंथरतात. तुमची त्यापुढे गेली आहेत. तरी कधी गोणपाट वापरलंच तर कडा दुमडून शिवून घ्या. सुटलेला सुतळीचा धागा पायाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट काळं पडेपर्यंत कळत नाही.

तूस रोज सगळं काढायचं नाही. सकाळी फक्त ओला गोळा झालेला भाग खुरप्याने उचलायचा, बाकीचं खालीवर करायचं, वरून दोन मुठी कोरडं पसरायचं. हे दहा मिनिटांचं काम आहे. आठ-दहा दिवसांनी सगळं बदला. वासाची परीक्षा उभ्याने घेऊ नका. खाली बसून तोंड पिल्लांच्या उंचीवर न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर पिल्लांना ते दिवसरात्र सोसावं लागतं आहे, असं समजा, आणि त्या दिवशी तूस बदला.

वास मारायला लोक चुना टाकतात. ओल्या तुसावर चुना टाकला की ओल थोडी कमी झाल्यासारखी वाटते, पण चुन्यामुळे शिटेतला अमोनिया उलट जोरात सुटतो, आणि कळीचा चुना असेल तर पाय भाजतात. फिनेल तर पिल्लांच्या जवळपासही नको, कारण पिल्लं जिथे ओल दिसेल तिथे चोच घालतात. ब्लीचिंग पावडर शिटेवर टाकली की डोळ्या-छातीला झोंबणारा वायू तयार होतो. साबणाचं पाणी, काथ्याने घासणं आणि कडक ऊन, एवढ्यावर सगळं भागतं. दोन कॅन ठेवा, एक वापरात आणि एक उन्हात.

दाण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण पसारा आणि आरोग्य दोन्ही तिथे एकत्र येतात. आपल्याकडे मिळतो तो बहुतेक कोंबडीच्या पिल्लांचा पिठासारखा दाणा. तो कोरडा दिला की निम्मा पाण्यात जातो आणि कॅनमध्ये पेज होते. त्याऐवजी मुठीत दाबला तर गोळा होईल, पण पाणी गळणार नाही इतपत ओला करून द्या, थोडा थोडा, दिवसातून चार वेळा. तासाभराने उरलेला काढून टाका. आंबलेला दाणा पुन्हा पुढे करू नका. पहिले दोन आठवडे प्रथिनं साधारण 20 ते 22 टक्के असावीत, नंतर 16 ते 18 टक्के पुरेत. पुढेही भरपूर प्रथिनांचा, पिसं फुटण्याआधीच वजन वाढवणारा दाणा देत राहिलात तर काही पिल्लांचे पंख टोकाशी बाहेर वळतात आणि तसेच राहतात.

आणखी एक उणीव कोंबडीच्या दाण्यात असते. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा बरंच जास्त लागतं, किलोभर दाण्यामागे 55 मिलिग्रॅमच्या आसपास. ते कमी पडलं की पाय कमजोर होतात, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजतो, पिल्लू बसून राहतं. बसून राहिलं की ते ओल्यातच बसतं, पोट भिजतं, आणि लोकांना वाटतं घाणीमुळे आजारी पडलं. ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना उरणारं वाळवलेलं यीस्ट) दाण्यात मिसळा, नाहीतर पशुवैद्यांना विचारून नायसिन असलेलं बी-कॉम्प्लेक्सचं पातळ औषध पाण्यातून द्या. पाव फुगवायचं यीस्ट यासाठी वापरू नका.

तुम्ही कोकणात आहात आणि पावसाळा तोंडावर आहे, म्हणून बुरशीबद्दल ठासून सांगते. बदकाच्या पिल्लाइतकं बुरशीच्या विषाला हळवं दुसरं पाळीव पिल्लू क्वचितच असेल. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची हजारो पिल्लं आणि त्यांच्यासोबत बदकाची पिल्लंही मेली. त्याचं मूळ ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत सापडलं आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध लागला. पुढे हे विष तपासण्यासाठी प्रयोगशाळांनी बदकाचीच पिल्लं वापरली, इतकी ती त्याला लवकर बळी पडतात. म्हणून दाण्याचं मोठं पोतं घेऊन पावसात पडवीत ठेवू नका. आठवड्याभराचा दाणा आणा, झाकणाच्या डब्यात ठेवा, मका किंवा पेंड कुबट लागली तर सरळ खड्ड्यात पुरा. तुसाचंही तसंच. कुबट तुसातले बुरशीचे कण फुप्फुसात जाऊन पिल्लं तोंड उघडं टाकून श्वास घेऊ लागतात. पावसाआधी तूस उन्हात वाळवून पोती बांधून माळ्यावर टाका, श्रावणात त्याची किंमत कळते.

उबेकडे या. तुमचा 60 वॅटचा पिवळा बल्ब चालेल, फक्त तो पाण्यापासून लांबच्या टोकाला हवा. पिल्लं अंग झटकतात तेव्हा पाण्याचे थेंब हातभर उडतात, आणि तापलेल्या बल्बवर गार थेंब पडला की काच फुटते. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने किंवा तारेने वेगळा बांधा, कारण खाली कोरडं तूस आहे आणि आगीची ठिणगी तिथेच पडते. पहिल्या आठवड्यात बल्बखाली 32 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असावी, पुढे दर आठवड्याला तीन-एक अंशांनी कमी करत जा. तापमापक नसला तरी पिल्लं सांगतात. एकमेकांवर चढून बल्बखाली गर्दी केली तर थंडी आहे. भिंतीला लागून चोच उघडी ठेवून बसली तर गरम होतंय. पसरून निवांत झोपली तर ठीक. वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

पिल्लं घाण झाली म्हणून त्यांना धुऊ नका. बदक आहे म्हणजे भिजणारच नाही, हा समज पिल्लांच्या बाबतीत खरा नाही. आईच्या पोटाखाली असलेल्या पिल्लांना तिच्या पिसांचं तेल लागतं. यंत्रात उबवलेल्या पिल्लांची लव तशी नसते, ती पाणी शोषते, आणि भिजलेलं पिल्लू गारठून मरतं. कोरडं अंथरूण आणि डोकं बुडवायला खोल पाणी मिळालं की दोन दिवसांत ती स्वतःच अंग साफ करतात. पोहायला द्यायचं तर दुपारी, उन्हं असताना, अंगणात एका टबात कोमट पाणी घालून पाच-दहा मिनिटं, तुम्ही तिथेच बसून. आत चढ-उतार करायला एक वीट ठेवा. नंतर फडक्याने टिपून बल्बखाली. पाण्यावर थोडी अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक हिरवी वनस्पती) किंवा बारीक चिरलेली कोथिंबीर सोडली तर ती तिच्यामागे लागतात, आणि पाहायला घरातले सगळे येतात. सासूबाईंनाही बोलवा.

घराच्या स्वच्छतेबद्दल मात्र सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. बदकाच्या शिटेतून साल्मोनेलाचे जंतू येतात, पिल्लू ठणठणीत दिसत असलं तरी. म्हणून कॅन, घमेलं, जाळी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये किंवा मोरीत धुवू नका. बाहेरच्या नळावर धुवा. पिल्लांकडे जायच्या चपला वेगळ्या ठेवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लू तोंडाजवळ नेऊ नये, आणि प्रत्येकाने हात साबणाने धुवावेत. एकाएकी तीन-चार पिल्लं दगावली तर गुपचूप पुरू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून हे मी सगळ्यांना सांगते. बदकं हा रोग कधी कधी लक्षणं न दाखवताही बाळगतात.

घमेल्यातलं पाणी रोज सकाळी ओता. साठवलं तर वास आणि माश्या, आणि पाऊस सुरू झाला की डास. ते केळीच्या आणि माडाच्या आळ्यात घाला, रोज जागा बदलत. केळीला त्याचा गुण महिन्याभरात पानांवर दिसतो. कोथिंबीर, मुळा, टोमॅटो अशा कच्चं खायच्या भाज्यांना ते घालू नका. काढलेलं तूस खड्ड्यात पाचोळ्याबरोबर कुजू द्या. मेलेलं पिल्लू किंवा उंदीर त्या ढिगावर कधीही टाकू नका. त्यात पडलेल्या अळ्या बदकांनी खाल्ल्या तर मान लुळी पडणारा विषारी आजार होतो.

हे सगळं केलंत तरी तिसऱ्या आठवड्यात पसारा वाढेल, कारण पिल्लं वाढलेली असतील. तुमची खाकी कॅम्पबेल आहेत हे त्यातल्या त्यात बरं, पूर्ण वाढली तरी दोन किलोच्या आसपास राहतात. व्हाइट पेकिन असती तर सात-आठ आठवड्यांत अडीच-तीन किलोंची झाली असती, आणि पडवी त्यांना पुरली नसती. तिसऱ्या आठवड्यानंतर, हवा फार गरम नसेल तर, रात्री झोपताना दाणा आणि पाणी दोन्ही उचला आणि पहाटे उजाडताच ठेवा. रात्रीचा ओलावा त्याने बराच कमी होतो.

परसात खुराडं बांधायला आत्ताच घ्या, पिल्लं मोठी झाल्यावर नको. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, पोटाखाली आणि खांद्यावर पिसं आली की त्यांना बाहेर हलवता येईल. पाऊस लागून राहिला असेल तर पाठीची पिसं पूर्ण येईपर्यंत, म्हणजे सात-आठ आठवड्यांपर्यंत, छपराखाली कोरडी ठेवा. जमीन अंगणापेक्षा निदान वीतभर उंच, उतार पाण्याच्या टोकाकडे, आणि पाण्याखाली मातीऐवजी खडी. बाजूंना अर्ध्या इंचाचीच जाळी लावा. कोंबड्यांची मोठ्या भोकांची जाळी मुंगसाला आणि उंदराला अडवत नाही, आणि घूस खालून उकरते, म्हणून जाळी जमिनीत फूटभर पुरा. दिवसा कावळे आणि घारी यांच्यासाठी वरूनही जाळी हवी. दार संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी लावा.